पोचपावती मिळाली, पुढे काय?

प्रश्न :

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. मराठी शाळेत ३३ वर्षं शिकवलं. मुलगी बेळगावात इंजिनियर झाली, लग्नानंतर जावईबापूंसोबत कॅनडाला गेली. आता दोघं कॅलगरीला नोकरी करतात. तिनं तिथल्या कायम वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, एक्स्प्रेस एंट्री या तिथल्या योजनेतून अर्ज केला त्याला नऊ महिने झाले. अर्ज इकडच्याच एका एजंटानं भरून दिला. त्याला फोन केला की ‘प्रोसेसमध्ये आहे गुरुजी’ एवढंच ऐकायला मिळतं. मुलीला विचारलं तर म्हणते, लॉगिन एजंटाकडेच आहे.

मध्यंतरी पदवीवरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही म्हणून एजंटानं तिचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. दाखला मराठीत आहे. मी स्वतः त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, सही करून दिलं. त्यालाही अडीच महिने झाले. पुढे काही कळत नाही.

मुलीला पाचवा महिना आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी तिच्या आईची फार इच्छा. नऊ महिने अडकलेला अर्ज सोडून तिनं यावं का? माझ्या एका सहकाऱ्याचा पुतण्या अमेरिकेत १२ वर्षं ग्रीन कार्डाची वाट पाहतोय. आमचंही तसंच होणार का? आणि मला इथं बसून तिच्या अर्जाची स्थिती बघता येईल का?

– एक वडील, खानापूर तालुका

उत्तर :

गुरुजी, नमस्कार.

नऊ महिने हा आकडा तुमच्या पत्रात दोनदा आलाय. मला काळजी लागली ती अडीच महिन्यांची. नऊ महिने थांबणं त्रासाचं आहे, पण नुसत्या थांबण्यानं अर्ज बुडत नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यानं कागद मागितला आणि तो मुदतीत पोचला की नाही हे तुमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. अर्ज बुडतात ते अशा ठिकाणी. म्हणून बाकी सगळं नंतर. आज रात्री मुलीचा फोन येईल तेव्हा आधी एवढंच सांगा, एजंटाकडून तीन गोष्टी मागून घे : अर्जाचा क्रमांक, यूसीआय क्रमांक आणि खात्याकडून आलेलं प्रत्येक पत्र, जसंच्या तसं. एजंटानं व्हॉट्सॲपवर चार ओळीत सांगितलेला मतलब नको. पत्रच हवं.

मी ३४ वर्षं टपाल खात्यात काढली. रजिस्टर टाकून गेलेला माणूस चार दिवसांनी खिडकीवर यायचा आणि विचारायचा, “बाई, पोचलं काय?” मी म्हणायची, पावती दाखवा. पावती नसली तर मला काहीच सांगता यायचं नाही, मग माणूस कितीही ओळखीचा असो. इथंही तसंच आहे. अर्ज भरला की खात्याकडून एक पत्र येतं, त्याला एओआर म्हणतात. ती पोचपावती. तिच्यावर अर्जाचा क्रमांक असतो. एक्स्प्रेस एंट्रीचा असेल तर तो इंग्रजी ‘ई’ अक्षरानं सुरू होतो. यूसीआय हा त्या माणसाचा कायमचा क्रमांक, आठ नाहीतर दहा आकडी. मुलगी आता ज्या वर्क परमिटवर काम करते त्या कागदावरही तो छापलेला आहे. म्हणजे एजंटानं उद्या फोन उचलला नाही तरी निम्मी गोष्ट तिच्या कपाटात आहे.

हे दोन्ही क्रमांक हाती आले की कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर ‘ॲप्लिकेशन स्टेटस ट्रॅकर’ म्हणून सोय आहे, तिथं मुलीनं स्वतः, स्वतःच्या ईमेलवर नोंदणी करावी. पैसे लागत नाहीत. नाव आणि जन्मतारीख अर्जात जशी आहे तशीच घालायची, काना-मात्रेचा फरक नको. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे घरी वाढदिवस एका तारखेला आणि दाखल्यावर तारीख दुसरी, हे अजून संपलेलं नाही. १ जूनला जन्मलेली किती मुलं तुमच्या जनरल रजिस्टरात होती ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. इथं कागदावरची तारीख चालते.

आत गेल्यावर काय दिसतं ते सांगते, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ती दाखवेल तेव्हा तुम्हालाही वाचता येईल. एकाखाली एक टप्पे असतात : पात्रता, मेडिकल, जादा कागदपत्रं, मुलाखत, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो), बॅकग्राउंड (पार्श्वभूमीची तपासणी), अंतिम निर्णय. प्रत्येकासमोर एखादी ओळ. मुलाखतीसमोर बहुतेकांना ‘मुलाखतीची गरज नाही, बदल झाल्यास कळवू’ अशा अर्थाची ओळ दिसते, ती बघून घाबरू नये आणि फार आनंदही मानू नये. तुम्ही डोळे लावायचे ते ‘जादा कागदपत्रं’ या ओळीवर. कागद मागितला, मिळाला, की अजून वाट बघतायत, हे तिथं कळेल. हे टप्पे एकामागून एक क्रमानं सुटतात असंही नाही. बॅकग्राउंडचं काम पात्रता ठरायच्या आधी चालू होतं, कधी शेवटपर्यंत चालत राहतं. आणि कधी कधी ‘तुमच्या खात्यात बदल झाला’ असा ईमेल येतो, उघडून बघावं तर सगळं जिथल्या तिथं. वाट पाहणारी मुलं त्याला ‘घोस्ट अपडेट’ म्हणतात. त्या दिवशी घरात चूल थंड राहते, मी बघितलंय.

माझ्याच घरचं सांगते. मुलगा-सून इथूनच, बेळगावातून अर्ज करून गेले. त्यांनीही एकाकडे काम दिलं होतं, ईमेलसुद्धा त्याचाच घातलेला. सूनबाईंचं शिक्षण माहेरच्या नावानं, पदवीवर वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, ते नाव मीच सुचवलेलं. पासपोर्ट त्या नव्या नावानं निघाला. पाळण्यातलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही बदलली. इकडे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. हजारो मैलांवर बसलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर मात्र दोन वेगळ्या बायका आल्या, एक शिकलेली आणि एक लग्न झालेली. त्यानं पत्र पाठवलं, या दोघी एकच आहेत याचा पुरावा द्या, ३० दिवसांत. ते पत्र त्या एजंटाच्या इनबॉक्समध्ये १९ दिवस पडून होतं. मुलाला घराचा पत्ता बदलायचा होता म्हणून त्यानं लॉगिन मागून घेतलं, तेव्हा दिसलं. उरलेल्या ११ दिवसांत मी आणि सूनबाई नोंदणी कार्यालय, कोर्टाचं आवार, नोटरी असं फिरलो. रात्री जेवायच्या टेबलावर तिची पदवी, लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट शेजारी शेजारी मांडून तिन्हीवरची नावं बोट ठेवून वाचत बसलो होतो. विसाव्या दिवसापासूनचा तो आठवडा मी विसरलेली नाही. कागद २८व्या दिवशी गेले. मुदत टळली असती तर खात्याला समोर असलेल्या कागदांवरच निर्णय घ्यायचा अधिकार आहे, आणि तो निर्णय बहुतेक नकाराचा असतो.

म्हणून तुमच्या एजंटानं ‘शाळा सोडल्याचा दाखला द्या’ म्हटलं तिथं मी थांबले. गुरुजी, शाळेच्या दाखल्यावर फक्त माहेरचं नाव असतं. माहेरच्या नावापासून सासरच्या नावापर्यंत जो पूल लागतो तो त्या दाखल्यात नाही. पूल म्हणजे विवाहनोंदणीचा दाखला, ज्यावर दोन्ही बाजूंची नावं आहेत. पासपोर्टचं शेवटचं पान, ज्यावर वडिलांचं, आईचं आणि नवऱ्याचं नाव एकाखाली एक छापलेलं असतं. आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं नोटरीसमोर केलेलं ॲफिडेव्हिट. खात्यानं नेमकं काय मागितलं होतं ते मूळ पत्र वाचल्याशिवाय मी सांगू शकत नाही. दाखला मागितलाही असेल. पण पत्र मुलीनं स्वतः वाचलेलं नाही, हे बरं नाही.

आता तुम्ही केलेल्या भाषांतराचं. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तुम्ही ते किती काळजीनं केलं असणार याची मला कल्पना आहे. पण कॅनडाचा नियम स्पष्ट आहे. इंग्रजी किंवा फ्रेंच सोडून दुसऱ्या भाषेतला कागद असेल तर त्याचं भाषांतर अर्जदारानं स्वतः करायचं नाही आणि तिच्या आई-वडिलांनी, भावंडांनी, नवऱ्यानं, काका-मामानं, चुलत-मामे भावंडांनीही नाही. घरातला माणूस वकील असो, नोटरी असो की उभा जन्म भाषा शिकवलेला असो. बाहेरच्या माणसानं करायचं, आणि तो प्रमाणित भाषांतरकार नसेल तर ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे’ असं ॲफिडेव्हिट त्यानं नोटरीपुढे करायचं. भाषांतर, ॲफिडेव्हिट आणि ज्यावरून भाषांतर केलं त्या मूळ कागदाची प्रमाणित प्रत, तिन्ही एकत्र. तुमचं भाषांतर तसंच गेलं असेल तर दुसऱ्याकडून करून घ्या आणि मुलीला खात्याच्या वेबफॉर्मवरून, अर्जाचा क्रमांक घालून, आपणहून पाठवायला सांगा. त्यांनी परत मागायची वाट पाहू नका. तुमच्या गावात सरकारी कन्नड दाखलेही असतीलच, जन्माचा, रहिवासाचा. त्यांनाही हाच नियम.

आपल्या भागाची आणखी एक अडचण असते, ती तुमच्या मुलीच्या कागदात आहे का बघा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावचं नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या जन्मदाखल्यावर, मार्कशीटवर इंग्रजीत बेलगाम, नंतरच्या कागदांवर बेळगावी. पासपोर्टवर जन्मस्थळ एक, नव्यानं काढलेल्या जन्मदाखल्यावर दुसरं. एवढ्यावरून कुणाचा अर्ज नाकारत नाहीत, पण परक्या अधिकाऱ्याला ती दोन गावं वाटली तर प्रश्न येतो आणि प्रश्नाला आठवडे जातात. एका पानावर साधं पत्र लिहून जोडलं की काम होतं : गाव एकच, नाव या तारखेला अधिकृतपणे बदललं. तुमच्या-माझ्या वडिलांच्या कागदांवर तर मुंबई राज्य आहे. आपल्याला हे सांगावं लागत नाही, म्हणून ते लिहायचं सुचतही नाही.

एजंटाबद्दल थोडं कडक लिहिते. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर कायद्यानं तीनच प्रकारच्या माणसांना मुभा आहे : तिथल्या प्रांतांच्या लॉ सोसायटीचे, म्हणजे आपल्या बार कौन्सिलसारख्या संस्थेचे, वकील वगैरे, क्युबेकचे नोटरी, आणि तिथल्या ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’कडे नोंद असलेले सल्लागार. त्या नोंदवहीत कुणाचंही नाव फुकट शोधता येतं. मुलीनं आजच शोधावं. नाव असेल, आणि ‘आयएमएम ५४७६’ हा प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म तिनं सही केला असेल, तर पत्रं त्याच्याकडे जाणं रीतसर आहे. मग तिनं त्याच्याकडून सगळ्या पत्रांच्या प्रती आणि स्क्रीनचे फोटो मागावेत, तो तिचा हक्क आहे. नाव नसेल, आणि त्यानं तिच्याच नावानं खातं उघडून स्वतःचा ईमेल घातला असेल, तर ते खातं तिचं आहे. युजरनेम, पासवर्ड आणि पासवर्ड विसरल्यावरचे गुप्त प्रश्न, तिन्ही मागून घ्यायचे आणि त्याच दिवशी सगळं बदलायचं, ईमेलसुद्धा. अर्जात प्रतिनिधी सांगितलाच नसेल तर ते वेगळं कळवावं लागेल, त्यासाठी मात्र तिनं तिथल्याच वकिलाचा अर्धा तास घ्यावा. नेमलेला प्रतिनिधी काढायचा असेल तर तोही त्याच फॉर्मवरून काढता येतो, आणि काढला म्हणून अर्जाला धक्का लागत नाही. ‘मला काढलं तर फाइल बंद होईल’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे.

तुम्हाला इथं बसून बघता येईल का, असं विचारलंत. अर्ज तिचा, म्हणून खातंही तिचंच असावं. तिचा पासवर्ड तुम्ही वहीत लिहून ठेवू नका, चावडीवरच्या इंटरनेटच्या दुकानात तर उघडूच नका. माहिती तुम्हालाही मिळावी अशी तिची इच्छा असेल तर ‘आयएमएम ५४७५’ असा संमतीचा फॉर्म आहे, पण त्यानं फक्त माहिती ऐकता येते, अर्जात काही करता येत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, तिनं व्हिडिओवर स्क्रीन उघडून दाखवावी. रोज बघू नये.

सहकाऱ्याच्या पुतण्याचं मनावर घेऊ नका. अमेरिकेची रांग वेगळी आहे. तिथं नोकरीवरच्या ग्रीन कार्डांना वर्षाची मर्यादा आहे, मूळ आकडा १,४०,००० चा, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण ७ टक्केच. भारतात जन्मलेले अर्जदार त्याच्या कितीतरी पट, म्हणून रांग वर्षानुवर्षं हलत नाही. त्या मुलानं ऑनलाइन स्थिती कितीही वेळा बघितली तरी उपयोग नसतो, त्याला दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन आणि स्वतःची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली त्याची तारीख, बघत बसावं लागतं. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत देशावर अशी मर्यादा नाही. तिथं खात्याचं स्वतःचं मानक सहा महिन्यांचं आहे, तेही बहुतेक अर्जांसाठी, सगळ्यांसाठी नाही. तुमचे नऊ झाले. म्हणजे विचारायची वेळ आली आहे.

कसं विचारायचं? आधी वेबफॉर्म, त्यात अर्जाचा क्रमांक, पोचपावतीची तारीख आणि एकच नेमका प्रश्न : मागितलेले कागद अमुक तारखेला पाठवले, ते फाइलला लागले का? मुलगी कॅनडात आहे म्हणून तिला खात्याच्या कॉल सेंटरलाही फोन करता येतो. भारतातून ती सोय नाही. त्यानं समाधान झालं नाही तर फाइलच्या आतल्या नोंदी मागवाव्यात. त्यांना ‘जीसीएमएस नोट्स’ म्हणतात. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज, फी फक्त ५ डॉलर, कायद्यानं ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, प्रत्यक्षात कधी जास्त लागतात. कॅनडात राहणाऱ्या कुणालाही मागता येतात, त्यासाठी कुणाला शंभर डॉलर देऊ नयेत. त्या नोंदींत पात्रता पास झाली का, गुन्हेगारी तपासणी झाली का, सुरक्षा तपासणी सुरू तरी झाली का, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. तुमचा नावाचा घोळ कुठं अडला ते तिथं शब्दांत सापडेल. आणखी एक वाट आहे, ती आपल्या लोकांना सुचत नाही : तिच्या भागाचा खासदार. तिथं खासदाराच्या कार्यालयात अशा चौकशीसाठी माणूसच बसवलेला असतो, संमतीपत्र दिलं की तो खात्याला विचारतो. फुकट. मत नसलं तरी चालतं. आपल्याकडे साहेबाला भेटायचं म्हणजे ओळख लागते या सवयीनं मुलं जायला लाजतात. जा म्हणावं.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येते. त्यांनी तो विचारलेला नाही, तुम्ही विचारलाय, पण प्रश्न त्यांचाच आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी पण तसंच केलंय, आणि माझ्या आईनं तेलपाणी केलेले ते दिवस मला आजही आठवतात. तरीही, गुरुजी, या वेळी मुलीनं तिकडेच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. कारणं कागदाची आहेत पण परिणाम बाळावर आहेत.

बाळ कॅनडात जन्मलं तर ते जन्मानंच तिथलं नागरिक. त्याच्यासाठी पीआरचा प्रश्न उरत नाही, फक्त कुटुंबात बाळ आलं एवढं खात्याला कळवायचं. बाळ खानापुरात जन्मलं तर ते भारतीय नागरिक, आणि आई-बापाचा अर्ज चालू असताना ते अर्जात घालावं लागतं : आधी जन्मदाखला, मग पासपोर्ट, मग बाळाची मेडिकल, फी. तोवर निर्णय थांबतो. कुणी म्हणेल, आधी पीआर होऊ दे, बाळाचं नंतर बघू. हे कधीही करू नका. पीआर मिळायच्या आधी ज्या मुलाची माहिती दिली नाही, त्याला पुढे कुटुंब म्हणून बोलवायला कॅनडाचा कायदाच आडवा येतो. त्या एका लपवण्यापायी आई-बाप एका देशात आणि मूल दुसऱ्या देशात, अशी वेळ येते.

दुसरं, अर्ज मंजूर झाला की शेवटचा टप्पा एका पोर्टलवर होतो, ईमेलनं बोलावणं येतं, आणि त्या वेळी माणूस कॅनडात हजर असावा लागतो. ती इथं असताना ईमेल आला तर तो टप्पा लांबतो. परत जायलाही नुसतं वर्क परमिट पुरत नाही, पासपोर्टात चालू व्हिसा लागतो. तो संपला आहे का, हे मुलं बघतच नाहीत.

तिसरं मेडिकलचं. ती तपासणी १२ महिने चालते. तुमच्या मुलीची कधी झाली ती तारीख विचारा. नऊ महिने गेलेत, म्हणजे मुदत संपत आली असणार, आणि नव्यानं करायला सांगितली तर तिच्यात छातीचा एक्स-रे असतो. खात्याच्या यादीतल्या डॉक्टरला गरोदर असल्याचं तिनं आधी सांगावं. एक्स-रे बाळंतपणानंतर करायची मुभा असते, त्यानं अर्जाला उशीर होतो, तो होऊ द्यावा. तिथं घाई नको. वर्क परमिटची मुदतही याच वेळी बघून घ्या. पीआरची पोचपावती असेल तर मधल्या काळासाठी ब्रिजिंग ओपन वर्क परमिट मागता येतं, पण आधीचं संपायच्या आत. परमिट संपलं की प्रांताच्या आरोग्य विम्याचं कार्डही अडतं, आणि बाळंतपणाच्या तोंडावर ते अडलेलं परवडणार नाही.

मग वहिनींनीच तिकडे जावं. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज आत्ताच करा, पाचवा महिना आहे म्हणजे वेळ हातात आहे पण फार नाही. मुलीचं बोलावण्याचं पत्र, तिच्या डॉक्टरचा प्रसूतीच्या तारखेचा कागद, तुमचं पेन्शनचं पुस्तक, घराचा उतारा, म्हणजे तुम्ही परत येणार हे दिसलं पाहिजे. बायोमेट्रिक्सला कॅनडाचं व्हिसा अर्ज केंद्र असलेल्या मोठ्या शहरात जावं लागेल. वहिनींचा पासपोर्ट नसेल तर बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख उद्याच घ्या, आणि पासपोर्टवर त्यांचं नाव लग्नानंतरचं आणि मुलीच्या पासपोर्टवर आईचं नाव जे छापलंय तेच असू दे. तुमच्या घरात या एका गोष्टीनं एकदा त्रास दिलाय.

व्हिसा वेळेत आला नाही तरी मुलगी तिकडे एकटी नाही, जावईबापू आहेत. डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा कुणाच्या तरी हाती पाठवता येतो. आपल्या भागातलं कुणी ना कुणी दर महिन्याला तिकडे जात असतंच, मला कळवा, मी विचारून ठेवते.

आणि ते मूळ पत्र एजंटाकडून हाती आलं की त्याची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. क्रमांक आणि जन्मतारीख खोडून. काय मागितलंय आणि काय गेलंय, ते ओळीनं वाचून मी तुम्हाला घरी उत्तर पाठवते, पुढच्या अंकाची वाट बघायला लावणार नाही.